वर्षावासातल्या वाचनाची पाळी

दादाच्या खोलीत सकाळी जाग यायची ती स्टीलच्या आवाजाने. भाईंदर पूर्वेला तेव्हा गल्लोगल्ली भांड्यांचे गाळे होते, अजूनही आहेत. कुठे पत्रा ठोकतायत, कुठे ताटाची कड वळवतायत, कुठे पॉलिशचं चाक फिरतंय. ते चाक सुरू झालं की माझे दात शिरशिरायचे. वहिनी म्हणायची, "आमचा कोंबडा आरवला बघा." मग ती स्टोव्ह पेटवायची, तव्यावर सुकट पडायची, आणि त्या वासाने दादाची दोन्ही पोरं पांघरुणातूनच भाकरी मागायची. मी कोपऱ्यात माझ्या चटईची घडी घालत असायचे. चटई मोठी होती, दोन माणसांची. मी सासर सोडून आले त्या दिवशी वहिनीने ती केबिन रोडवरून आणली होती, कारण प्रज्ञा चार दिवसांत माझ्यामागून येईल असंच सगळे धरून चालले होते.

प्रज्ञा माझी मुलगी. मी निघाले तेव्हा ती दुसरीत होती, परीक्षा चालली होती, म्हणून तिला आजीपाशी ठेवून आले. परीक्षा संपली, सुट्टी लागली, तरी तिला कुणी आणून सोडलं नाही. आणायला गेले तर दार उघडलं नाही. मग गोष्ट कोर्टात गेली. तिच्या वडिलांचं आणि माझं का पटलं नाही, ते मी इथे लिहिणार नाही. मुलीसमोर तिच्या बापाबद्दल वाईट शब्द काढायचा नाही, असं मला वकीलबाईंनी तेव्हा सांगितलं होतं. ती सवय इतकी लागली की आता माझं मी एकटीने लिहितेय तरी हात थांबतो.

कोर्टातले साहेब चांगले होते, आवाज चढवून बोलले नाहीत. मला विचारत, तेव्हा मी खाली बघत असे. माणसं भोवती असली की माझा घसा आवळतो, लहानपणापासून तसंच आहे. चौथीत शाळा सुटली तेव्हा मला एकाच गोष्टीचं बरं वाटलं होतं, की आता उभं राहून उत्तर द्यावं लागणार नाही. साहेबांनी प्रज्ञाला आत बोलावून विचारलं, आणि तिने आजीकडे राहायचं म्हणून सांगितलं. तिकडे शाळा जवळ, घर स्वतःचं, आजी दिवसभर घरात. माझ्याकडे दादाच्या खोलीतला कोपरा. ताबा वडिलांना मिळाला. मला महिन्यातून दोन शनिवार भेट मिळाली, तीही ठाण्याला, कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत.

त्या दिवशी घरी आल्यावर दादाने ताट बाजूला सारलं. "उद्या शाळा सुटायच्या टायमाला रिक्षा घेऊन उभा राहतो. पोर आपली आहे. उचलायची आणि सरळ गावाला सोडायची. बघू कोण काय करतंय."

वहिनी म्हणाली, "आणि पोलीस आले की मी काय सांगू? मामा भाचीला फिरवायला घेऊन गेलाय?"

"तू गप. शारदा, तू बोल. आणू की नको?"

मी त्याचं ताट उचलून मोरीत नेलं. पण सकाळी भांड्यांच्या गाळ्यावर कामाला न जाता आधी वकीलबाईंकडे गेले. त्यांचं ऑफिस म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानाचा पोटमाळा. खाली मशीन चालायचं आणि वर टेबल थरथरायचं. त्यांनी दादाचा बेत ऐकला आणि चष्मा काढून ठेवला. "उचलून आणलीत तर भेटीचे शनिवारही जातील, आणि पोर तुम्हालाच घाबरेल. असलं काही करायचं नाही. ताबा गेला म्हणजे आई मेली असं कुठे लिहिलंय निकालात? भेट चुकवायची नाही. ते पोरीला घेऊन आले नाहीत तरी तुम्ही जाऊन बसायचं, तिथल्या मॅडमकडे सही करायची. शाळेत जाऊन बाईंना भेटा, तेवढा हक्क आहे तुम्हाला. मुलगी मोठी होते, दिवस बदलतात, मग परत अर्ज करता येतो. ही काळ्या दगडावरची रेघ नाही." मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मान हलवू नका हो. तोंडाने हो म्हणा. सवय करा."

मग मी शनिवार धरले. भाईंदरहून घोडबंदरच्या रस्त्याने जाणारी बस पकडायची, मांडीवर डबा. डब्यात बहुतेक वेळा ओल्या खोबऱ्याच्या वड्या, कारण त्या प्रज्ञाला आवडायच्या. कित्येकदा सासरचं कुणी यायचंच नाही. तिला ताप आहे, पाहुणे आलेत, असा निरोप यायचा. मी रंग उडालेल्या प्लॅस्टिकच्या घोड्याशेजारी बाकावर बसून राहायचे, वेळ संपली की सही करायचे, आणि वड्या तिथल्या शिपाईबाईंच्या हातावर ठेवून परत यायचे. जेव्हा ती यायची, तेव्हा सासूबाई दारापर्यंत सोडून बाहेर बसायच्या. प्रज्ञाच्या वेण्या घट्ट घातलेल्या असायच्या, रिबिनीसकट. ती समोर बसायची आणि फ्रॉकचा पट्टा बोटाला गुंडाळत राहायची.

ती बालवाडीत होती तेव्हापासून मीच तिला वाचायला शिकवलं होतं. माझं शिक्षण ते काय, पण तिच्या पुस्तकापुरतं येत होतं. ओळीखाली बोट ठेवायचं, बोट सरकेल तसं वाचायचं. दुपारी भांडी झाली की आम्ही दोघी दारात उजेडाला बसायचो, तिचं एवढंसं बोट आणि त्याच्यामागे माझं. एका भेटीत मी तिला म्हटलं, "धडा वाचून दाखव ना." तिने दप्तरातून पुस्तक काढलं. माझं बोट आपसूक ओळीखाली गेलं. तिने पुस्तक मागे ओढलं.

"बोट नको. बोट ठेवून लहान मुलं वाचतात. आमच्या बाई ओरडतात."

"बरं. तू वाच तशीच."

तिने वाचलं नाही. पुस्तक मिटून म्हणाली, "आजी म्हणते, तुला मी हवी असते तर तू बोलली असतीस."

"कुठे?"

"तिथे. साहेबांसमोर. आजी म्हणते, तू नुसती उभी होतीस. मग पप्पांना दिलं."

मला सांगायचं होतं की मला बोलता येत नाही, ते वेगळं, आणि हवी नसणं वेगळं. पण खोलीत त्या मॅडम बसल्या होत्या, दुसरे एक नवरा-बायको होते, आणि मी डब्याचं झाकण नुसतं उघडत-मिटत राहिले. प्रज्ञा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बघ, आतापण नाही बोलत," आणि तिने पुस्तक दप्तरात घातलं.

त्या दिवशीची परतीची बस मला अजून आठवते. शेजारच्या बाईने विचारलं, डब्यात काय आहे, इतका घट्ट धरलाय. भेटीची वेळ अशीच जाणार, आणि ती थोडी मोठी झाली की येणंच बंद करणार, हे मला दिसत होतं. तिला पटलं होतं की आईला ती नकोच होती. एवढी एक गोष्ट तिच्या मनातून काढायची होती मला. बाकी ताबा वगैरे नंतरचं.

आमचा विहार नाल्याच्या कडेला होता. विटांच्या भिंती आणि वर पत्रा, समोर बुद्धमूर्ती, बाजूला पितळेची समई. कोकणातून आलेली आमची माणसं आणि मराठवाड्यातून आलेली माणसं, दोघांनी मिळून वर्गणी काढून बांधलेला. सासरही भाईंदरलाच, त्यामुळे दोन्हीकडच्यांना तो एकच विहार. पावसाळ्याच्या तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला की रोज संध्याकाळी तिथे बुद्धांच्या चरित्राचं ग्रंथवाचन व्हायचं. त्रिशरण-पंचशील झालं की एकाने समोर चौरंगाजवळ बसून मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी पांढऱ्या कपड्यांत समोर बसून ऐकायचं. वाचन चालू असताना कुणी उठत नसे, बोलत नसे. लहान मूल रडलं तरच बाहेर न्यायचं. सासूबाईंचं एक मान्य करायला हवं, त्यांनी वर्षावासातली एक संध्याकाळ कधी चुकवली नाही. प्रज्ञाला घेऊन त्या पुढे पंख्याखाली बसायच्या. मी मागे, चपलांपाशी. मधे सगळ्या बायकांचे पांढरे पदर. मला तिची फक्त रिबीन दिसायची.

महिला मंडळाच्या सकपाळकाकींनी त्या वर्षी नियम केला. रोज वाचणाऱ्या एकट्या गुरुजींवर भार नको, प्रत्येक घराने पाळीपाळीने वाचायचं. दादाच्या घराची पाळी आली तेव्हा दादाची रात्रपाळी होती आणि वहिनी म्हणाली, तिला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा तिच्याकडे नाही. काकी माझ्याकडे वळल्या.

"मग तू वाच."

"मला कुठे येतंय काकी. मी चौथी शिकलेय."

"का, तुमच्या चौथीत वाचायला शिकवत नव्हते?"

"चारचौघांत आवाज निघत नाही माझा."

"चारचौघांत कुठे? शंभर माणसं असतात," काकी म्हणाल्या आणि हसत निघून गेल्या.

मी रात्रभर नाही म्हणायची कारणं शोधत होते. पहाटे ती चाकं सुरू झाली तेव्हा मला एकदम सुचलं की वाचन चालू असताना कुणी उठत नाही. सासूबाईही उठणार नाहीत. प्रज्ञाला माझ्याकडे तोंड करून बसावं लागेल आणि माझा आवाज ऐकावा लागेल, पूर्ण प्रकरण संपेपर्यंत. मी आधी वकीलबाईंना विचारून आले, असं केलेलं चालतं का. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "ग्रंथ वाचायला कोर्टाने मनाई केलेली नाही. फक्त पोरीला हाक मारायची नाही, खाऊ द्यायचा नाही, मागे जायचं नाही. वाचायचं आणि घरी यायचं."

पहिल्या संध्याकाळी मी वहिनीची पांढरी साडी नेसले. हात धुतले तरी पॉलिशची काळी भुकटी नखांत राहिली होती, ती पदराखाली लपवली. बसले, ग्रंथ उघडला, आणि नेमका पत्र्यावर पाऊस कोसळला. माझं मलाच ऐकू येईना. मागून कॉलेजमधला एक पोरगा ओरडला, "ताई, आवाज वाढवा. आमच्यापर्यंत नुसता पाऊस येतोय!" सगळे हसले. मला उठून पळावंसं वाटलं. पण पळायचं तर सगळ्यांच्या मधून जावं लागलं असतं, म्हणून वाचत राहिले. पाली नावं आली की अडखळायचे, जोडाक्षर फोडून फोडून म्हणायचे. मान वर केली नाही. संपलं तेव्हा साडी पाठीला चिकटली होती. "साधू, साधू, साधू" झालं, सगळे उठले, आणि रिबीन गर्दीतून निघून गेली.

मग मी सराव सुरू केला. गाळ्यात माझं काम होतं ताटं पुसायची आणि एकावर एक रचताना मधे रद्दीचा कागद घालायचा. ते कागद मी मोठ्याने वाचायला लागले. लग्नाच्या जाहिराती, बाजारभाव, मिळेल ते. पॉलिशच्या चाकावर आवाज चढवायचा, हे माझं शिक्षण. शेजारच्या टेबलावरची शबनम म्हणायची, "दीदी, किससे झगड़ रही हो?" मी म्हणायचे, "बारिश से." ती इतरांना सांगायची, "पागल हो गई है, पर पढ़ती अच्छा है."

दुसऱ्या घरांच्या पाळ्याही मग माझ्याकडे यायला लागल्या. कुणाची पोरं क्लासला जात, कुणाला कंटाळा. "ताई, आमचंही तूच वाच," म्हणायचे, आणि मी हो म्हणायचे, तोंडाने. बहुतेक संध्याकाळी मीच चौरंगापाशी असायचे. सासूबाईंच्या ते लक्षात यायला वेळ लागला नाही. एक दिवस विहाराच्या पायरीवरच त्यांनी काकींना धरलं. मी आत समई पुसत होते, मला सगळं ऐकू आलं.

"ती मुद्दाम करतेय. पोरीला ओढायला बघतेय."

"वाचतेय ना फक्त?"

"मुद्दाम वाचतेय."

"अहो, मुद्दामच वाचायचं असतं ते. चुकून कोण वाचतं?" काकी म्हणाल्या. "तुम्ही ऐकायला येता ना? मग ऐका."

सासूबाई दुसऱ्या दिवशी आल्या, नेहमीच्या जागी बसल्या. त्यांच्या श्रद्धेवर माझा भरवसा होता, तो त्यांनी मोडला नाही. आज त्या नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारात मी पूनम सागर वसाहतीत प्रज्ञाच्या घरी त्यांच्या उशाशी बसले आहे, त्यांना पेज भरवली आहे. तेव्हा त्या एकदा म्हणाल्या होत्या, "जरा काहीतरी वाच गं." पण ते फार नंतरचं.

सिद्धार्थ घर सोडून जातो, मूल मागे राहतं, तो भाग माझ्याच वाचनात आला. बायकांनी आधीच पदर तोंडाला लावले. सगळ्यांना वाटलं, ही आता रडणार. मी रडले नाही. मी तो भाग गाळ्यात चाकासमोर इतक्या वेळा म्हटला होता की माझ्या जिभेला तो पाठ होता. त्यानंतरच्या शनिवारी प्रज्ञा भेटीला आली. नेहमीसारखी पट्टा गुंडाळत बसली, आणि खाली बघतच म्हणाली, "काल तू दोन ओळी सोडल्यास."

"कुठे?"

"मधे. मी घरी जाऊन आजीच्या पुस्तकात बघितलं. मोठं पान आहे ना, तू खालच्या ओळीवर उडी मारलीस."

"चौरंगापाशी उजेड कमी पडतो, दिसत नाही मला नीट."

"मग सांगायचं ना कोणाला." मग पट्टा सोडून म्हणाली, "आजीला नाही सांगितलं मी." आणि तिने डब्यातली एक वडी घेतली, मग दुसरी. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिसरी घेतली नसती.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी वाट बघायला नको. कोर्टाचा कागद बदलला नाही. वकीलबाईंनी पुढे अर्ज केला, तारखा झाल्या, ताबा माझ्याकडे कधीच आला नाही. प्रज्ञा त्याच घरात वाढली, तिथूनच तिचं लग्न झालं. आता तिची मुलगी दर रविवारी माझ्याकडे येते आणि ती दोन माणसांची चटई, मधे फाटलेली, अजून मागते, कारण तिला तिच्यावर लोळायला आवडतं. दुसरी आई असती तर कदाचित तिने जास्त काही मिळवलं असतं. मला जे मिळालं ते त्या वर्षावासातल्या एका संध्याकाळी, आणि ते लिहिण्यासाठीच आज बसले.

त्या दिवशी दिवे गेले होते. तेव्हा भाईंदरला दिवे जायचेच. काकींनी चौरंगावर दोन मेणबत्त्या लावल्या. पाऊस थांबला होता. पंखाही बंद, बाहेर रिक्षा नाही, इतकं शांत की मेणबत्तीची वात तडतडलेली कळत होती. मी वाचायला घेतलं. साधाच भाग होता, कोण कोण जमले आणि कुठे कुठे बसले, असा. वाऱ्याने ज्योत हलली, ओळी नाचल्या, आणि माझी ओळ हरवली. वर बघितलं, खाली बघितलं. सगळं पान सारखंच दिसायला लागलं. एकीकडून सुरू केलं, तर ते वाचून झालेलं होतं. थांबले. लपायला पाऊसही नव्हता. शंभर माणसं माझ्याकडे बघत होती आणि घसा आवळायला लागला, तसाच, साहेबांसमोर आवळला होता तसा.

कुणीतरी म्हणालं, "राहू दे. उरलेलं उद्या वाचू."

"डोळे दमले असतील," दुसरी बाई म्हणाली. कुणीतरी ग्रंथ मिटायला पुढे झालं. मला माहीत होतं, तो आता मिटला तर उद्या मी इथे बसणार नाही. आणि समोर बसलेली पोर घरी जाताना म्हणेल, बघ, आतापण नाही बोलली.

पंख्याखाली हालचाल झाली. सासूबाईंचा दबका आवाज आला, "प्रज्ञा, खाली बस. वाचन चालू आहे."

"चालू नाहीये आजी. अडलंय."

पुढच्या बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. ती मांड्यांवरून, पदरांवरून पाय टाकत आली. सासूबाईंनी तिचा फ्रॉक धरला नाही, परत हाकही मारली नाही, हे मी विसरलेली नाही. ती माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली, इतकी जवळ की तिच्या वेणीतल्या खोबरेल तेलाचा वास आला. तिने पानावर नजर फिरवली, ओठांतल्या ओठांत थोडं पुटपुटली, आणि मग लहान मुलं ठेवतात तसं, सगळ्यांसमोर, आपलं बोट ओळीखाली ठेवलं.

बोट सरकायला लागलं, आणि मी त्याच्या मागून मोठ्याने वाचत गेले.